गुलाब, जुने : वाण-ओळख
१८६७ पूर्वी रूढ असलेल्या गुलाब-गटांतील (कुल-रोझेसी) सारखे दिसणारे वाण बाह्यलक्षणांवरून वेगळे ओळखण्याची पद्धत.

उगम : ‘ला फ्रान्स’ (१८६७) हा पहिला संकरित टी गुलाब मानतात, त्याआधीचे गट ‘जुने’ ठरतात. डीएनए अभ्यासानुसार दमास्क गुलाब रोझा गॅलिका, रोझा मॉस्काटा व रोझा फेडचेन्कोआना यांच्या संकरातून आला. बूर्बाँ गट (उदा., एडवर्ड) दमास्क व चिनी गुलाबांच्या संकरातून रेयूनियन बेटावर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी निर्माण झाला.

लक्षणे : केवळ फुलाचा रंग पुरेसा नसतो, पाने, काटे, संदले व बहराचा काळ एकत्रित पाहतात. दमास्कमध्ये काटे दाट व असमान, पर्णिका फिकट हिरव्या व खाली लवदार, संदले मागे वळलेली आणि बहर बहुधा वर्षातून एकदा असतो. एडवर्डला वारंवार फुले येतात. चिनी गुलाबाच्या पर्णिका ३–५ व गुळगुळीत, काटे विरळ, गंध मंद. शतपत्री गुलाबाची फुले जड व झुकलेली असतात (पहा : पुष्पविन्यास).

महत्त्व : महाराष्ट्रात ‘गावठी गुलाब’ हे एकच नाव अनेक सुगंधी वाणांना लावतात, त्यामुळे अत्तर, गुलाबपाणी व गुलकंदासाठी, तसेच डोळे भरण्याच्या खुंटासाठी अचूक ओळख आवश्यक ठरते. पुणे जिल्ह्यातील मावळात हरितगृहांत मुख्यतः आधुनिक लांब दांड्याचे वाण घेतात, ते या गटांत मोडत नाहीत (पहा : कलम, गुलकंद, हरितगृह).