टेंभुर्णी

सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील बाजारगाव. पुणे–सोलापूर महामार्गावर वसले असून येथून कुर्डुवाडी, करमाळा व पंढरपूरकडे रस्ते फुटतात. भीमा नदी व तिच्यावरील उजनी धरण जवळच आहे. दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी सदाशिव माणकेश्वर यांचे नाव येथील जुन्या किल्ल्याशी जोडलेले आहे.

असे कारभारी व जहागीरदार दरबारच्या मर्जीने येत आणि जात. गाव चाले ते पाटलाच्या भावकीवर, आणि या भागाचा इतिहास भावकीच्या अंगानेच वाचावा लागतो. एका मूळपुरुषाची सारी घरे म्हणजे भावकी. अशा अनेक भावक्या मिळून कुळी. पाटीलकीचे वतन भावांत वाटले जाई, त्या वाट्याला तक्षीम म्हणत. जमीन वाटता येई, मान मात्र वडील घराकडे राही. होळीला पहिली पोळी कोणाची आणि पोळ्याला पहिला बैल कोणाचा, यावरून पिढ्यान्‌पिढ्या तंटे चालले. ते गोतसभेपुढे जात. निवाड्याच्या महजरावर पाटील नांगराची निशाणी करी, कुलकर्णी लेखणीची. आज क्षुल्लक वाटणारे हे मान तेव्हा हक्काचा पुरावा होते. ज्याचा मान गेला त्याचे वतनही डळमळे.

कुळीची खूण लग्नात दिसते. मांडव पडला की देवक बसवतात: कोणाचे कळंब, कोणाचे उंबर, कोणाची पंचपल्लवी. एक देवक असलेल्या घरांत सोयरीक होत नाही. शेजारच्या करमाळ्यात रावरंभा निंबाळकरांनी बांधलेल्या कमलाभवानी मंदिराला ९६ पायऱ्या व ९६ खांब सांगतात; शहाण्णव कुळींच्या मुलखात ही संख्या कोणालाही अनोळखी नाही. निंबाळकरांची मूळ गादी फलटणची. रावरंभाची शाखा निजामाच्या चाकरीत वाढली आणि माढा-करमाळा भागात नांदली. एकाच कुळीची माणसे दोन दरबारांत असणे त्या काळी नवलाचे नव्हते.

स्कॉटलंडच्या डोंगरी मुलखातील क्लॅनशी या रचनेचे साम्य आहे, पण ते एका मर्यादेपर्यंतच. तिथे सरदाराच्या आश्रयाला आलेली परकी कुळेही त्याचे नाव लावत आणि त्याच्या हाकेला शस्त्र घेऊन उभी राहत. भावकीत प्रवेश जन्मानेच, आणि अलुतेदार-बलुतेदार गावगाड्यात असले तरी भावकीबाहेरच. १७४६ मध्ये कलोडनच्या लढाईत क्लॅनच्या फौजा मोडल्या, मग कायद्याने सरदारांचा वंशपरंपरागत न्यायाधिकार काढून घेतला. इकडे लढाई झाली नाही. इंग्रजांनी १८७४ च्या वतन कायद्याने पाटलाला सरकारी चाकरीत बांधले. १९६२ च्या कायद्याने महाराष्ट्रात मुलकी पाटीलकी संपली आणि तलाठी दप्तराचा धनी झाला.

तरी भावकी सुटली नाही. सुतक दहा दिवस साऱ्या घरांना लागते, आणि एरवी बांधावरून बोलणे टाकलेला चुलतभाऊही खांदा द्यायला येतो. उजनीच्या पाण्याखाली, १९८० च्या सुमारास, गावठाणे गेली तेव्हा खरी मोडतोड झाली. पुनर्वसनात एका भावकीची घरे वेगवेगळ्या गावांत पडली. ज्यांची शेते वाचली त्यांच्याकडे धरणाचे पाणी आले, ऊस आला, आणि सातबाऱ्यावरची सामाईक नावे अडचणीची वाटू लागली. पोटहिस्से पडले, मोजण्या झाल्या.

भावकीची सर्वांत मोठी उणीव ही की लेकीला तिच्यात जागा नव्हती. लग्न होताच तिचे कुळ बदले, सुतक बदले, जमिनीवरचे नाव तर नव्हतेच. १९९४ मध्ये महाराष्ट्राने व २००५ मध्ये केंद्राने तिला वडिलोपार्जित मिळकतीत भावाइतका वाटा दिला. हा बदल वतन जाण्याहून मोठा आहे, कारण तो थेट मूळपुरुषाच्या वारसाहक्काला हात घालतो. व्यवहारात बऱ्याच बहिणी आजही दुय्यम निबंधकासमोर हक्कसोडपत्रावर सही करतात. काही माहेर तुटू नये म्हणून, काही नुसत्या दबावापोटी. महामार्गालगतच्या जमिनींचे भाव चढले तसतशा ही सही नाकारून वाटा मागणाऱ्या बहिणीही पुढे येऊ लागल्या आहेत, आणि सातबाऱ्याच्या उताऱ्यावर आता सासरचे आडनाव लावणाऱ्या लेकींचीही नावे चढत आहेत.