यवतमाळ जिल्हा

यवतमाळ हा महाराष्ट्राच्या विदर्भ भागातील, अमरावती महसुली विभागात मोडणारा जिल्हा असून त्याचे क्षेत्रफळ १३,५८२ चौ. किमी. आणि लोकसंख्या २७,७२,३४८ (२०११) आहे. त्याच्या उत्तरेस अमरावती व वर्धा, पूर्वेस चंद्रपूर, दक्षिणेस तेलंगणातील आदिलाबाद व महाराष्ट्रातील नांदेड आणि पश्चिमेस हिंगोली व वाशीम हे जिल्हे आहेत. वर्धा व पैनगंगा या सीमेवरील मुख्य नद्या असून बेंबळा, अडाण, अरुणावती, पूस व निरगुडा या त्यांच्या पाणलोटातील नद्या आहेत. प्रशासनाच्या सोयीसाठी जिल्ह्याचे सोळा तालुके केलेले आहेत.

आईन-इ-अकबरीत वऱ्हाड सुभ्यातील सरकारांमध्ये, म्हणजे परगण्यांच्या वरच्या महसुली विभागांमध्ये, कळंबची गणना झालेली आहे. आज तालुक्याचे ठिकाण असलेले हे गाव तेव्हा यवतमाळहून मोठ्या मानाचे होते. इमादशाही, निजामशाही व मोगल यांच्यानंतर हा मुलूख भोसले व निजाम यांच्या दुहेरी अमलाखाली राहिला आणि १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाडाचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केला. १८६४ मध्ये आग्नेय वऱ्हाड म्हणून वेगळा काढलेला जिल्हा पुढे वणी या नावाने ओळखला गेला. १९०५ मध्ये वाशीम जिल्हा मोडून दारव्हा व पुसद हे तालुके त्याला जोडण्यात आले, तेव्हा त्यास यवतमाळ हे नाव मिळाले.

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीला एकाएकी मोल आले. याच काळात वणीकडील जंगल व पडीत मुलूख लागवडीखाली यावा म्हणून गावेच्या गावे इजाऱ्याने, म्हणजे ठराविक मुदतीच्या करारावर, वसाहतीसाठी दिली गेली. जिल्ह्यातील अनेक गावांच्या नावापुढे महसुली दप्तरात आजही ‘इजारा’ हा शब्द लागतो, तो त्यामुळेच. रयतवारीने जमीन खातेदाराच्या नावे लागली, तशीच ती गहाण टाकता येण्याजोगीही झाली, आणि कापसाच्या भावावर उधार देणारा सावकार गावोगाव स्थिरावला. राखीव झालेल्या जंगलात गवत कापण्यासही परवाना लागू लागला. १० जुलै १९३० रोजी पुसद येथे लोकनायक बापूजी अणे यांनी विनापरवाना गवत कापून जंगल सत्याग्रहास प्रारंभ केला; त्याच महिन्यात यवतमाळजवळील लोहारा येथे सत्याग्रह करून डॉ. केशव बळीराम हेडगेवार यांनी कारावास पत्करला.

कोरडवाहू, म्हणजे केवळ पावसावर अवलंबून असलेली, कापसाची शेती हाच येथील बहुसंख्य कुटुंबांचा आधार राहिला. राज्य शासनाची कापूस एकाधिकार खरेदी योजना (१९७२) पुढे मोडीत निघाली आणि २००२ पासून बीटी, म्हणजे जनुकीय बदल केलेले, वाण आले; बियाणे दरवर्षी विकत घेणे अनिवार्य झाले, खते व औषधे कृषी केंद्रातून उधारीवर येऊ लागली आणि पैशाची निकड असलेला कास्तकार दिवाळीपूर्वीच ‘खेडा खरेदी’त, म्हणजे गावात काटा लावून बसलेल्या खाजगी व्यापाऱ्याला, हमीभावाखाली कापूस घालू लागला. सिंचनाची स्थिती याहून वेगळी नाही. पुसद तालुक्याच्या सीमेवर इसापूर येथे पैनगंगेवर मोठे धरण झाले, परंतु त्याच्या लाभक्षेत्राचा बराचसा भाग मराठवाड्यात आहे. वसंतराव नाईक (१९६३–७५) व सुधाकरराव नाईक (१९९१–९३) हे दोन मुख्यमंत्री याच जिल्ह्याने दिले, याचा उल्लेख सिंचनाच्या चर्चेत हटकून होतो, आणि तो अभिमानाने होतोच असे नाही.

१९ मार्च १९८६ रोजी महागाव तालुक्यातील चिलगव्हाण येथील एका शेतकऱ्याने पत्नी व चार मुलांसह पवनारजवळ जीवन संपवले. शेतकरी आत्महत्या म्हणून राज्यभर चर्चिली गेलेली ही पहिली घटना मानली जाते आणि त्या दिवशी आता अन्नत्याग पाळण्यात येतो. जुलै २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भाचा दौरा करून यवतमाळसह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले. त्याच वर्षापासून आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या वारसांस एक लाख रुपये मिळतात. त्यांतील ३०,००० रुपये हाती दिले जातात व ७०,००० रुपये ठेव म्हणून गुंतविले जातात. प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती ठरविते, आणि त्यासाठी सातबाऱ्यावर जमीन, बँक, सहकारी संस्था वा परवानाधारक सावकाराचे कर्ज व त्याच्या वसुलीचा तगादा या बाबी पाहिल्या जातात. मक्त्याने वावर करणारा भूमिहीन शेतकरी, तसेच विनापरवाना सावकाराकडून चिठ्ठीवर पैसे उचलणारा खातेदार या कसोटीस सहसा उतरत नाही. आत्महत्यांचे प्रसिद्ध होणारे आकडे वाचताना ही व्याख्या ध्यानात ठेवावी लागते.

२०१७ च्या पावसाळ्यात कीटकनाशकांच्या फवारणीतून झालेल्या विषबाधेत जिल्ह्यात सुमारे वीस शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्या हंगामात पऱ्हाटी डोक्याच्या वर वाढली होती, त्यामुळे नळी वर धरून केलेल्या फवारणीचे तुषार फवारणाऱ्याच्याच तोंडावर येत; अतिशय बारीक थेंब पाडणारे बॅटरीचे पंप, दोन-तीन औषधांचे एकत्र द्रावण, दमट उष्मा आणि मुखवट्याचा अभाव यांची त्यात भर पडली. रुग्णाच्या अंगात नेमके कोणते मिश्रण गेले हे त्यालाच सांगता येत नसल्याने उपचार अवघड झाले. शासनाने विशेष तपास पथक नेमले व काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली. फवारणारे पुष्कळसे रोजंदारीचे मजूर होते. त्याच वर्षी गुलाबी बोंडअळीने कापसाचे पीकही बुडविले.

केळापूर (पांढरकवडा), झरी जामणी व लगतच्या तालुक्यांत भूजलातील फ्लोराइड हा जुना प्रश्न आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १.५ मिग्रॅ. ही त्याची कमाल मर्यादा मानतात. ती सतत ओलांडली गेल्यास मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे येतात व पुढे हाडे ताठरून सांधे आखडतात. उथळ विहिरी आटल्यावर खोदलेल्या खोल कूपनलिकांनी पाणी दिले, त्यासोबत हा दोषही दिला. याच भागात कोलाम या आदिम जमातीची वस्ती आहे. अनुसूचित जमातींचे प्रमाण १८.५ टक्के (२०११) असून गोंड, परधान व आंध हे अन्य समाज आहेत. कोलामांची वस्ती मूळ गावापासून दूर असते, तिला ‘पोड’ म्हणतात; रस्ता, आरोग्य उपकेंद्र व नळयोजना बहुधा मूळ गावापर्यंत येऊन थांबतात. आदिवासींत सिकलसेल, म्हणजे तांबड्या रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होणारा आनुवंशिक विकार, आढळतो. यवतमाळ येथे १९८९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. ३१ जानेवारी २०२१ रोजी घाटंजी तालुक्यातील कापसी-कोपरी येथे पोलिओच्या डोसाऐवजी बारा बालकांना हात निर्जंतुक करण्याचा द्राव पाजला गेला, ती बचावली.

कापूस, सोयाबीन, तूर व ज्वारी ही पिके होतात. वणी परिसरात दगडी कोळसा व चुनखडी सापडते.

मूर्तिजापूर–यवतमाळ ही ‘शकुंतला’ या लाडक्या नावाने ओळखली जाणारी अरुंदमापी रेल्वे खाजगी ब्रिटिश कंपनीने कापूस वाहून नेण्यासाठी बांधली. तिचे मँचेस्टर येथे घडविलेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत धावत होते. वर्धा–यवतमाळ–नांदेड या रुंदमापी मार्गापैकी वर्धा–कळंब हा टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला.

कळंब येथील चिंतामणी गणेशाचे जमिनीच्या पातळीखालील मंदिर, केळापूरचे जगदंबा मंदिर, लोहाऱ्याचे कमळेश्वर मंदिर व वणीचे रंगनाथस्वामी मंदिर ही उल्लेखनीय देवस्थाने होत. टिपेश्वर अभयारण्य वाघांसाठी प्रसिद्ध आहे. राळेगाव–पांढरकवडा परिसरात तेरा मृत्यूंस कारणीभूत मानली गेलेली वाघीण २ नोव्हेंबर २०१८ रोजी गोळी घालून मारण्यात आली. मृतांत गुराखी व शेतकरी होते. यवतमाळ येथे १९७३ व २०१९ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलने भरली. दुसऱ्या संमेलनाच्या अध्यक्ष अरुणा ढेरे होत्या. उद्घाटक म्हणून लेखिका नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण मागे घेतल्यावर ते उद्घाटन कळंब तालुक्यातील शेतकरी-विधवा वैशाली येडे यांच्या हस्ते झाले.