वामीच्या गळ्यातला पुरावा

अलिबागच्या दक्षिणेला अक्षी, नागाव, चौल, रेवदंडा अशी गावे एका ओळीत आहेत. या पट्ट्यात जाळ्यात आलेल्या लांबट, सापासारख्या माशाला बहुतेक वेळा एकच नाव मिळते : वाम. बाजारात मान आहे तो जाडजूड, कापून तुकड्या करता येतील अशा वामीला. बोरूएवढ्या जाडीचे, गांडुळासारखे जे काही निघते ते निवडताना बाजूला पडते आणि बहुधा खतात जाते. इंग्रजीत यांना 'वर्म ईल' म्हणतात. मी या लेखात 'गांडूळवाम' म्हणणार आहे. त्यांतल्या एका वंशाचा शोध कसा लागला आणि त्याची जागा ठरायला इतकी वर्षे का लागली, याचा हा इतिहास आहे.

माझे शिक्षण प्राणिशास्त्राचे नाही. मी आलो शिलालेखांच्या वाटेने. आमच्या शेजारच्या अक्षीच्या शिलालेखाचा शक ९३४ वाचावा की आणखी काही, यावर विद्वानांचे एकमत नाही. वाचन बदलले की लेख दोन शतके पुढे सरकतो. तेव्हा एका खुणेवर किती भार टाकावा, हा प्रश्न माझ्या ओळखीचा होता. माशांच्या जुन्या ग्रंथांत तोच प्रश्न मला पुन्हा भेटला.

१९१५ साली रूथ बॅम्बर यांनी तांबड्या समुद्राच्या सुदानी किनाऱ्यावरचे मासे अभ्यासले. हा संग्रह सिरिल क्रॉसलंड यांनी जमवला होता. त्यात एक बारीक वाम होती. तिला छातीचे पर होते आणि मागची नाकपुडी डोळ्याच्या पुढे, डोक्याच्या बाजूवर होती. कुठल्याच ज्ञात कुलात ती बसेना. म्हणून बॅम्बर यांनी तिच्यासाठी 'नीएन्केलिस' हा नवा वंश केला आणि त्या वंशासाठी नवे कुलही उभे केले. पुढच्याच वर्षी, १९१६ मध्ये, वेबर आणि द बोफोर्ट यांनी पूर्वेकडच्या बेटांच्या मत्स्यग्रंथात याच वंशाची दुसरी जात नोंदवली : नीएन्केलिस बुइटेन्डाइकी.

ही दुसरी जात आपल्याकडे पोहोचली ती १९५८ मध्ये. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात के. एच. मोहमद यांनी ती भारतीय समुद्रात असल्याचे प्रसिद्ध केले. म्हणजे तांबड्या समुद्रात सुरू झालेली गोष्ट त्रेचाळीस वर्षांनी मुंबईच्या छापखान्यातून आपल्या पाण्याशी जोडली गेली. तरी ही वाम नेमकी कोणाच्या घरची, हा प्रश्न उरलाच होता.

उत्तर गळ्यात होते. १९३० साली अल्बर्ट पार यांनी 'मायरोफिस' या गांडूळवामीच्या गळ्यातल्या एका जादा सांगाड्याचे वर्णन केले. कल्ल्यांच्या झाकणाखाली बारीक, काडीसारख्या हाडांच्या पुष्कळ फासळ्या असतात. डाव्या आणि उजव्या बाजूच्या फासळ्या गळ्याच्या मध्यरेषेवर एकमेकींवर चढतात आणि टोपलीसारखी विणले जातात. त्यांतल्या कित्येक मुख्य हाडाला जोडलेल्याही नसतात. चिखलात पुरून घेऊन पाणी आत-बाहेर खेळवणाऱ्या माशाला अशी टोपली गळा दबू न देता आधार देते, असे मानतात. ही टोपली हे सर्पवामींच्या संपूर्ण कुलाचे, म्हणजे ओफिक्थिडी कुलाचे लक्षण आहे. गांडूळवामी त्याच कुलात येतात.

१९६६ मध्ये गॅरेथ नेल्सन यांनी नीएन्केलिस बुइटेन्डाइकीचा सांगाडा तपासला आणि ती याच कुलातली असल्याचे दाखवले. बॅम्बर यांचे स्वतंत्र कुल मग गरजेचे उरले नाही. १९७७ मध्ये जॉन मॅकॉस्कर यांनी साऱ्या कुलाच्या हाडांचा पट मांडला आणि त्याचे दोन भाग केले. एकात सर्पवामी : त्यांच्या शेपटीचे टोक टणक, बिनपराचे, तेच भोसकून त्या मागे मागे वाळूत शिरतात. दुसऱ्यात गांडूळवामी : त्यांचे पाठीचे आणि पोटाखालचे पर शेपटीच्या मऊ टोकाला जाऊन मिळतात. नीएन्केलिस या दुसऱ्या घरात गेली.

इथवर वाचून वाटेल की नाकपुडीने फसवले आणि हाडांनी खरे सांगितले. मला तसे वाटत नाही. गांडूळवामींच्या घरात शिरल्यावर वंश ओळखायला तीच नाकपुडी उपयोगी पडते. बहुतेक गांडूळवामींची मागची नाकपुडी वरच्या ओठाला किंवा ओठाच्या कडेला उघडते. नीएन्केलिसची डोळ्यापुढे असते. म्युरेनिक्थिस वंशात छातीचे पर नसतात. नीएन्केलिसला लहान का होईना, असतात. मायरोफिसलाही पर असतात, पण तिची नाकपुडी ओठाशी. म्हणजे बॅम्बर यांचे निरीक्षण अचूक होते; त्यावर कुलाचा भार टाकला गेला, तो वंशाएवढाच पेलण्यासारखा होता. एखादी खूण खरी की खोटी, एवढेच विचारून भागत नाही. ती कोणत्या पायरीवरची साक्ष देते, हेही विचारावे लागते.

पायऱ्यांची ही फेरतपासणी अजून थांबलेली नाही. १८९७ साली ओगिल्बी यांनी केलेला स्कोलेसेन्केलिस वंश पुढे म्युरेनिक्थिसमध्ये मिसळून गेला होता. १९९९ मध्ये कॅसल आणि मॅकॉस्कर यांनी तो पुन्हा वेगळा काढला आणि स्किथ्रेन्केलिस हा आणखी एक नवा वंश जोडला. आज क्ष-किरण छायाचित्रावर मणके मोजता येतात. मांस पारदर्शक करून हाडे लाल रंगवता येतात. त्यासाठीचे अलिझरीन हे पूर्वी आपल्या मंजिष्ठेच्या जातभाईच्या मुळांतून काढलेल्या रंगाचेच द्रव्य आहे.

हे सारे करायला आधी मासा हातात हवा. नेल्सन यांना गळा उघडता आला, कारण कोणीतरी तो न खाण्याजोगा, न विकण्याजोगा मासा बाटलीत जपला होता. आमच्या किनाऱ्यावर अशा बारीक वामी निवडून फेकल्या जातात आणि त्यांच्याबरोबर त्यांची नाकपुडी, पर, गळ्यातली टोपली हा सगळा दस्तऐवज जातो. शिलालेख निदान दगडावर असतो, शतकानंतरही पुन्हा वाचता येतो. मासा दुसऱ्या दिवशी कुजतो. म्हणून माझी मच्छीमार मंडळींना आणि आपल्या भागातल्या महाविद्यालयांना एकच विनंती आहे : ओळख पटली नाही तरी चालेल, पण एक बारीक वाम बाटलीत ठेवा आणि चिठ्ठीवर गाव, तारीख, जाळे आणि पाण्याची खोली पेन्सिलीने लिहा. द्रवात शाई उतरते, पेन्सिल टिकते. वाचणारा मागाहून येईल.