डीव्हीडी राईट झाली, तरी टीव्हीवर का चालत नाही?

लग्नाचा किंवा बारशाचा व्हिडिओ मोबाईलवरून संगणकावर घेतला, कोऱ्या डीव्हीडीवर कॉपी केला, संगणकातच लावून पाहिला. सगळं ठीक. मग तीच डिस्क गावी पाठवली, आजीच्या डीव्हीडी प्लेअरमध्ये घातली आणि पडद्यावर 'नो डिस्क' आलं. अशा वेळी आधी प्लेअरला आणि मग स्वस्तातल्या डिस्कला दोष दिला जातो. बहुतेकदा दोष दोघांचाही नसतो. डिस्कवर फाईल गेलेली असते, पण 'व्हिडिओ डीव्हीडी' तयारच झालेली नसते.

संगणकासाठी डिस्क म्हणजे कपाट. त्यात एमपी४ ठेवा, फोटो ठेवा, वर्डची फाईल ठेवा, तो उघडून दाखवतो. डीव्हीडी प्लेअर १९९६ साली बाजारात आला तो एकच काम करण्यासाठी. डिस्क आत गेली की तो 'व्हिडिओ_टीएस' नावाचा फोल्डर शोधतो. त्यात तीन प्रकारच्या फाईली असतात: व्हीओबीमध्ये चित्र आणि आवाज, आयएफओमध्ये कुठलं प्रकरण कुठे सुरू होतं आणि मेनू कसा आहे याची माहिती, आणि बीयूपी म्हणजे त्या माहितीची जादा प्रत. चित्र साधारणपणे एमपेग-२ या पद्धतीने साठवलेलं लागतं. आजचे मोबाईल एच.२६४ किंवा त्याहून नव्या एचईव्हीसी पद्धतीने चित्रण करतात. एच.२६४ हे मानकच २००३ साली आलं, त्यामुळे जुन्या साध्या प्लेअरला ते वाचता येणं शक्यच नाही.

म्हणजे कामं दोन आहेत. आधी व्हिडिओ या साच्यात बसवायचा, याला ऑथरिंग म्हणतात. मग तो डिस्कवर राईट करायचा. विंडोजमध्ये इथेच एक फसगत होते. कोरी डिस्क घातल्यावर संगणक विचारतो, डिस्क 'यूएसबी फ्लॅश ड्राइव्हसारखी' वापरायची की 'सीडी/डीव्हीडी प्लेअरसोबत'? साहजिकच दुसरा पर्याय निवडला जातो. पण त्याने फाईल जशीच्या तशी डिस्कवर उतरते, एमपेग-२ मध्ये तिचं रूपांतर होत नाही. नाव काहीही सांगो, ती डेटा डिस्कच असते. विंडोज व्हिस्टा आणि विंडोज ७ च्या काही आवृत्त्यांमध्ये डीव्हीडी मेकर हे ऑथरिंगचं साधन होतं, विंडोज ८ पासून ते काढून टाकलं गेलं. आता डीव्हीडीस्टायलरसारखं मोफत सॉफ्टवेअर वेगळं घ्यावं लागतं. ते रूपांतर, मेनू आणि राईटिंग तिन्ही करतं.

प्रोजेक्ट सुरू करताना पाल की एनटीएससी हे ठरवावं लागतं. भारतात टीव्हीची पद्धत पाल, म्हणजे ७२० × ५७६ आकाराची सेकंदाला २५ चित्रं. जुन्या कॅमकॉर्डरचं किंवा कॅसेटवरून उतरवलेलं चित्रण असेल तर पालच निवडावं. मोबाईल मात्र सेकंदाला साधारण ३० चित्रं टिपतो. ती २५ वर आणली की चालणारी माणसं किंचित अडखळत चालल्यासारखी दिसतात. डिस्क लावली जाणार तो प्लेअर आणि टीव्ही दोन्ही पद्धती चालवत असतील, तर अशा चित्रणाला एनटीएससी जास्त बरं. शिवाय मोबाईलचा हा वेग मधूनच कमीजास्त होतो आणि मंगलाष्टकांचा आवाज ओठांच्या मागे-पुढे पळू लागतो. त्यावर उपाय म्हणजे फाईल आधी हँडब्रेकमध्ये 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' ठेवून काढून घ्यावी आणि मगच ऑथरिंगला द्यावी.

एका डिस्कवर किती तास बसवायचे, यावर चित्राचा दर्जा ठरतो. साध्या डिस्कची क्षमता ४.७ जीबी असते (विंडोज ती सुमारे ४.३८ दाखवतं, डिस्क खोटी नसते, मोजण्याची पद्धत वेगळी). दोन तासांचा व्हिडिओ असेल तर चित्र आणि आवाज मिळून सेकंदाला सुमारे ५ मेगाबिट वाट्याला येतात आणि चित्र छान राहतं. तीन तास कोंबले तर साडेतीनच्या आत येतं. वरातीतला नाच, उडणाऱ्या अक्षता अशा हलत्या दृश्यांत चौकोन दिसू लागतात. चार तासांचं लग्न असेल तर सरळ दोन डिस्क कराव्यात. उलट व्हिडिओ अर्ध्या तासाचाच असला, तरी दर वाट्टेल तेवढा वाढवता येत नाही. चित्राची कमाल मर्यादा ९.८ मेगाबिट आहे आणि तिच्या अगदी जवळ गेलं तरी घरी राईट केलेल्या डिस्कवर जुने प्लेअर अडकतात.

याचं कारण डिस्कच्या बनावटीत आहे. दुकानातल्या सिनेमाच्या डिस्कवर खळगे छापलेले असतात. कोऱ्या डिस्कमध्ये रंगद्रव्याचा थर असतो, लेझर तो जाळून खुणा करतो आणि त्या खुणांवरून प्रकाश कमी परततो. म्हणून १६एक्स लिहिलेल्या डिस्कवरही ४एक्स किंवा ८एक्स वेग निवडावा. ४एक्सला पूर्ण डिस्क साधारण पंधरा मिनिटांत होते. फार जुन्या प्लेअरसाठी डीव्हीडी-आर घ्यावी, डीव्हीडी+आर नंतरची. शेवटी 'फायनलाइझ' करायला विसरू नये, नाहीतर राईट करणाऱ्या ड्राइव्हखेरीज कुणाला ती डिस्क ओळखू येईलच असं नाही. वर कागदी स्टिकर चिकटवू नये, फिरताना तोल जातो.

कोरी डिस्क वाया जायला नको असेल तर आधी आयएसओ फाईल तयार करून व्हीएलसीमध्ये चालवून पाहावी. मेनू आणि आवाजाचा मेळ तिथेच कळतो.

डीव्हीडी हातात आली म्हणून मोबाईलमधला मूळ व्हिडिओ मात्र उडवू नये. फुल एचडी चित्रात सुमारे २०.७ लाख ठिपके असतात, पालच्या डीव्हीडीत सुमारे ४.१ लाख. एकदा गेलेले बाकीचे ठिपके डिस्कवरून परत मिळत नाहीत. मूळ फाईल हार्ड डिस्कवर आणि आणखी एका ठिकाणी ठेवावी, आणि डीव्हीडी आजीकडे पाठवावी.