हा कोबी फार भूत आहे!

२०१४ साली मी लेकाकडे शांघायला काही महिने राहून आले. लेक-सून सकाळी कामावर, नात बालवाडीत आणि मी नवव्या मजल्यावर एकटी. उभा जन्म वर्गात बोलण्यात गेलेल्या बाईला दिवसभर तोंड मिटून बसायचं म्हणजे शिक्षाच. म्हणून चिनी शिकायला घेतलं. सुनेकडून वाक्यं देवनागरीत वहीत उतरवून घ्यायची आणि भाजीबाजारात जाऊन ती म्हणायची, हाच माझा क्लास.

एकदा कोबीचा भाव ऐकून मी ठसक्यात म्हटलं, "थाइ क्वेइ ल!" म्हणजे, फारच महाग. भाजीवाली क्षणभर गोंधळली आणि मग पोट धरून हसत सुटली. 'क्वेइ' वरून खाली झटकन टाकला तर 'महाग'. तोच खालच्या सुरात दाबून म्हटला तर 'भूत'. मी अर्थातच दाबला होता!

हा किस्सा खालच्या बागेत भेटणाऱ्या आजींना सांगितला. (त्याही निवृत्त शिक्षिका. त्यांची नात शाळेत इंग्रजी शिकायची, तीच आमची दुभाषी.) आजी हसल्या आणि म्हणाल्या, "ल्याओचाय!" भुतांचं नाव निघालं की चिनी माणसाला हेच पुस्तक आठवतं म्हणे. मग लेकाने त्याचं जुनं इंग्रजी भाषांतर छापून आणून दिलं. माझं बीए मराठी माध्यमातलं, तेव्हा शब्दकोश मांडीवर घेऊनच वाचायला बसले.

लेखक फू सोंगलिंग, काळ १६४० ते १७१५, गाव शांतुंग प्रांतातलं. १६५८ साली, एकोणिसाव्या वर्षी, हा मुलगा पहिल्या पायरीची सरकारी परीक्षा अव्वल नंबराने पास झाला. पुढची प्रांताची परीक्षा साधारण तीन वर्षांनी एकदा व्हायची. ती मात्र याला कधीच जमली नाही. नोकरी मिळायची तर ती पास व्हायलाच हवी. तेव्हा १६७९ पासून सुमारे तीस वर्षं त्याने बी नावाच्या एका श्रीमंत घराण्याच्या वाड्यावर राहून त्यांची मुलं शिकवली. बायको-मुलं गावी, हा परक्याच्या घरी. फावल्या वेळात भुतांच्या, कोल्ह्याच्या रूपातल्या बायकांच्या गोष्टी लिहायचा. जवळजवळ पाचशे झाल्या. वाटसरूंना चहा पाजून गोष्टी गोळा करायचा अशी आख्यायिका आहे, पण ती अभ्यासकांना पटत नाही. मलाही नाही. पोटापुरतं मिळवणारा मास्तर रोज किती जणांना चहा पाजणार? वयाची सत्तरी उलटल्यावर सरकारने त्याला एक ज्येष्ठतेची पदवी दिली, म्हणजे आपल्याकडे निरोपसमारंभात शाल-श्रीफळ देतात तसंच. पुस्तक छापलेलं पाहणं नशिबात नव्हतं. ते छापलं गेलं १७६६ साली, तोवर हस्तलिखितंच फिरत होती.

इंग्रजी करणारा हर्बर्ट जाइल्स. १८६७ साली बाविशीच्या आत-बाहेरचा असताना तो ब्रिटिश वकिलातीतला शिकाऊ दुभाषी म्हणून चीनमध्ये आला. १८७२ साली त्याने इंग्रजांसाठी एक छोटं पुस्तक काढलं, त्याचं नाव चक्क 'शिक्षकाविना चिनी'. (आम्हा लोकांच्या पोटावर पाय! असो.) १८८० साली त्याने ल्याओचायच्या १६४ कथा दोन खंडांत आणल्या. सगळ्याच करायच्या होत्या, पण बऱ्याचशा त्या काळच्या इंग्रज घरांत चालणार नाहीत म्हणून वगळल्या, आणि घेतलेल्यांतलाही शृंगार गाळला. मला त्याचा थोडा रागच आला. मास्तराने धीटपणे लिहावं आणि साहेबाने लाजावं!

वेड आणि जाइल्स यांच्या नावाची लिपी पुष्कळ वर्षं जगभर चालली. इंग्रजांना प-फ, त-थ, क-ख यांतला भेद कानाला पटकन कळत नाही, म्हणून महाप्राण दाखवायला तिच्यात अक्षरानंतर वर एक टिंबासारखी खूण करतात. आपल्या बाराखडीला ती गरजच नाही. 'फू' म्हणजे 'फळ'मधला फ, ओठ मिटून. हे उमगलं त्या दिवशी मी लेकासमोर जरा ताठ मानेने जेवले. पण सुरांचं काय? तिथे आपणही साहेबाइतकेच कच्चे. कोबी साक्षीला आहेच.

आजींनी एक दिवस त्यांची मूळ प्रत आणली. पानावर चार ओळी मजकूर आणि खाली टिपांची गर्दी. ही बोलायची भाषा नव्हेच, तर दोन हजार वर्षं नुसती लिहिली गेलेली जुनी ग्रंथभाषा. १९१९ च्या सुमारास तरुण लेखकांनी तिला निरोप देऊन बोलभाषेत लिहायचा आग्रह धरला. आजीसुद्धा टिपा वाचूनच पुढे सरकत होत्या. शाळेत 'झुंजीचा किडा' ही एक कथा धड्याला होती म्हणाल्या.

माझ्या मनातून मात्र जात नाही ती ये शंगची गोष्ट. लेकाने ती दुसऱ्या भाषांतरातून दिली. ये शंग विद्वान, पण परीक्षेत नापास. आजारी पडतो. गावचा दयाळू न्यायाधीश पद गमावून निघालेला असतो, तो याच्यासाठी थांबतो. एक दिवस ये शंग दारात हजर. मग त्या घरी राहून त्यांच्या मुलाला शिकवतो, आपलेच जुने निबंध पाठ करून घेतो, आणि मुलगा पास होतो. पुढे स्वतःही पास होतो, आणि थाटात घरी येतो. अंगणात बायको त्याला पाहताच हातातलं सूप टाकून पळते. म्हणते, तुम्हाला जाऊन बराच काळ झाला, पैशाअभावी शवपेटी अजून घरातच आहे. तो आत जातो, पेटी बघतो आणि जमिनीवर कोसळतो. उरतात नुसते कपडे, कात टाकावी तसे.

मी एमएचा फॉर्म दोनदा भरला होता. एकदा परीक्षेलाही बसले, पण ते राहून गेलं ते गेलंच. माझ्या हाताखालून गेलेल्या मुली मात्र प्राध्यापक झाल्या.

निघायच्या आदल्या दिवशी आजींना ही गोष्ट आवडल्याचं सांगायचं होतं. नात शाळेत होती आणि माझ्याकडे शब्द दोनच. पुस्तकाकडे बोट दाखवून म्हटलं, "लाओशी... क्वेइ." शिक्षक, भूत. या वेळी सूर नीट खाली दाबला.

आजी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग पानं उलटत म्हणाल्या, "ये शंग."