विळखा कोणाचा?

मराठीत ऑक्टोपस हा प्राणी म्हणून कमी आणि रूपक म्हणून अधिक वावरला आहे. सत्तेचा, नोकरशाहीचा, महानगराचा ऑक्टोपस आपल्या परिचयाचा आहे; श्री. ना. पेंडसे यांच्या एका कादंबरीचे शीर्षकही तेच आहे. भोर-वेल्ह्यातील विद्यार्थ्यांना वरंध किंवा मढे घाट उतरला की कोकण गाठता येते. सिंधुदुर्गाची उभारणी १६६४ साली सुरू झाली, तेव्हा राजधानी वेल्ह्यातील राजगडावरच होती. तरीही समुद्रातील हा जीव त्यांच्या निबंधांत येतो तो केवळ ‘विळखा’ या शब्दाचे बोट धरून. या शब्दामागील इतिहास तपासावा, असे आम्हांस वाटते.

या रूपकाचे एक ठळक मूळ व्हिक्टर ह्यूगोच्या १८६६ च्या ‘टॉयलर्स ऑफ द सी’ या कादंबरीत सापडते. तिने ग्वेर्नसी बेटाच्या बोलीतील ऑक्टोपसवाचक शब्द फ्रेंचमध्ये रूढ केला आणि त्याबरोबर रक्तशोषक राक्षसाची प्रतिमाही. ब्रायटनच्या मत्स्यालयातील निसर्गअभ्यासक हेन्री ली याने १८७५ साली पुस्तक लिहून कल्पित आणि वास्तव यांची फारकत केली. परंतु प्रतिमा टिकली. १९४३ साली कुस्तो आणि गान्यां यांनी पाण्याखाली श्वास घेण्याचे ‘ॲक्वालंग’ सिद्ध केले, तेव्हा कुठे माणूस या प्राण्याच्या घरी जाऊ शकला. १९५३ च्या ‘द सायलेंट वर्ल्ड’मध्ये कुस्तोने नोंदवलेला ऑक्टोपस बुजरा आहे.

मात्र भेट घडली म्हणजे दृष्टी बदललीच, असे नाही. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील प्युजेट साउंड या खाडीत पॅसिफिकमधील महाकाय ऑक्टोपस राहतो. तेथे त्याला कपारीतून ओढून काढण्याचा खेळ रूढ झाला. १९६३ साली टाकोमा येथे त्याची ‘जागतिक’ स्पर्धाही हजारो प्रेक्षकांसमोर भरली. विळखा होता, पण तो माणसाचा.

त्याच पाण्यातील पाणबुड्यांचे अनुभव वेगळेच सांगतात. पाणबुड्या कपारीपाशी स्थिर राहिला, तर कधी एक बाहू हळूच पुढे येतो; हातमोजा, मुखवटा, कॅमेरा चाचपतो. हे चाचपणे म्हणजे चव घेणेही असते, कारण त्याच्या चूषकांना रसायनांची जाण असते. त्याच्या सुमारे ५० कोटी चेतापेशींपैकी बहुसंख्य बाहूंतच असतात. ज्याला आपण पकड म्हणतो, ते पुष्कळदा त्याचे कुतूहल असते. आयुष्य मात्र अवघे तीन ते पाच वर्षांचे; अंडी राखताना मादी अन्न सोडते आणि पुढे मरते.

२०१२ साली सिअ‍ॅटलच्या अल्की किनाऱ्यावर एका तरुणाने असा प्राणी मारून बाहेर आणला, तेव्हा इतर पाणबुडे खवळले. शिकार कायदेशीर होती. त्यांनी कायद्याच्याच बदलाची मागणी लावून धरली आणि २०१३ साली पाणबुड्यांच्या आवडत्या सात ठिकाणी ऑक्टोपस पकडण्यास बंदी आली. अर्धशतकापूर्वी ज्या पाण्यात स्पर्धा भरली, तेथे हा बदल पाहणाऱ्यांनीच घडवला.

रूपक टाकून द्यावे, असे आमचे म्हणणे नाही. पेंडशांचे शीर्षक आपल्या जागी अर्थपूर्णच आहे. परंतु रूपकाला लागणारी किंमत कधी कधी खरा जीव मोजत असतो, हे शिकवणाऱ्याने सांगायला हवे. ‘विळखा’ लिहिणाऱ्या विद्यार्थ्यासमोर ‘चाचपणे’ हाही शब्द ठेवावा. दोन्ही मराठीच आहेत. त्यांतला कोणता त्या प्राण्याला न्याय देतो, हे त्याला ठरवू द्यावे.