नेतृत्वाचा अभ्यास : काय वाचावे, कसे वाचावे?

जयंती आली की आपल्या वस्त्यांत बॅनर लागतात. प्रत्येकावर दहा-बारा 'युवा नेते' झळकतात. नेतृत्व शिकावे लागते, हे मात्र त्यांना क्वचितच कुणी सांगते. बाबासाहेबांनी जुलै 1956 मध्ये मुंबईत राजकारणात येऊ इच्छिणाऱ्यांसाठी प्रशिक्षण विद्यालय सुरू केले होते. त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर ते फार काळ टिकले नाही. ते काम वाचनगटांतून पुढे नेता येईल, असे आम्हाला वाटते.

पहिले वाचन : 'रानडे, गांधी आणि जिना' हे पुण्यातील 18 जानेवारी 1943 चे भाषण. थोर पुरुष कोणाला म्हणावे, याची कसोटी त्यात आहे. प्रामाणिकपणा आणि बुद्धी हवीच, पण समाजहिताची प्रेरणा नसेल तर थोरपण नाही. व्यक्तिपूजेवरही त्यात कठोर टीका आहे. मूळ इंग्रजी भाषण महाराष्ट्र शासनाच्या 'रायटिंग्ज अँड स्पीचेस'च्या खंड 1 मध्ये आहे. त्याला जोडून 25 नोव्हेंबर 1949 चे संविधान सभेतील भाषण (खंड 13) वाचावे.

सिद्धांत : समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांनी अधिसत्तेचे तीन प्रकार सांगितले : परंपरेची, करिष्म्याची आणि कायद्याची. करिष्मा असलेला नेता गेला की पुढे कोण, हा पेच उरतो. तथागतांनी वारस नेमला नाही, धम्म आणि विनय हेच शास्ता मानायला सांगितले. आपल्या गटबाजीचे मूळ शोधताना हा मुद्दा उपयोगी पडतो. जेम्स बर्न्स यांच्या 'लीडरशिप' (1978) ग्रंथात देवघेवीचे नेतृत्व आणि परिवर्तनाचे नेतृत्व असा भेद आहे. निवडणुकीच्या दिवसांत तो तपासून पाहावा.

आपला इतिहास : नामांतराचा ठराव 27 जुलै 1978 चा, नामविस्तार 14 जानेवारी 1994 चा. साडेपंधरा वर्षे लढा एकट्या नेत्याच्या बळावर टिकत नाही. गावोगावचे कार्यकर्ते आणि महिला यांनी तो कसा पेलला, हे आपल्या घरातल्या ज्येष्ठांना विचारा व लिहून ठेवा. चळवळीतील स्त्रियांसाठी ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांचे 'आम्हीही इतिहास घडवला' वाचावे.

पद्धत : महिन्याला एक वाचन, दर वेळी नवा अध्यक्ष, आणि इतिवृत्त लिहिण्याची पाळी प्रत्येकाची. सुरुवात विहारातून करा. बॅनरवरचा फोटो पावसात उतरतो, पण सभा चालवायला शिकलेली मुलगी वस्तीच्या कामी येते.